फिक्रेतच्या शेजारची जागा

"हिरवी, काळी की निळी?" काउंटरमागच्या अमेलाने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिची तीच ओशाळली.

कारखान्याच्या त्या गावात छपाईचं दुकान एकच. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मयताचे कागद, सगळं तिथेच छापलं जायचं. मयताचा कागद खांबाखांबावर, झाडाझाडावर चिकटवायचा. चौकट हिरवी आणि वर चांद असला की मेलेला मुसलमान, काळी आणि वर क्रूस असला की ख्रिस्ती, निळी आणि वर काहीच नसलं की कुठल्याच धर्माच्या विधीविना जाणारा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माणूस जिवंत असेपर्यंत एखादवेळी न सांगता निभावतं. मेल्यावर मात्र रंग सांगावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

"निळी," नेवेन्का म्हणाली.

"मावशी, निळी हल्ली फारशी कुणी घेत नाही. छापते मी, पण लोक विचारतील हो, नमाजाला जायचं की फुलं घेऊन जायचं म्हणून."

"विचारू देत. चाळीस वर्षं विचारतच आलेत."

नेवेन्काला यात काही ठरवायचं नव्हतंच. तिचा नवरा फिक्रेत आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात वारला, तिचा हात हातात धरून, आणि जाताना काही बोलला नाही. पण जे सांगायचं ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, तेही आलुबुखाऱ्याच्या दारूचा पेला हातात घेऊन. "मला निळ्यात घाल. हिरव्यात माझा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो." तो मुसलमान घरातला, ती कॅथलिक घरातली. अशा जोडप्यांसाठी गावाच्या दफनभूमीत नदीकडच्या अंगाला एक पट्टा होता. एका रविवारी त्याने तिला तिथे नेऊन जागासुद्धा दाखवली होती. "तू भिंतीकडून, मी वाऱ्याकडून. नाहीतर तुझी कुरकुर मला मेल्यावरही ऐकावी लागेल." ती त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली होती, "मेला कुठला!" आता तो खरंच मेला होता, आणि तिला एवढंच हवं होतं, की आपली वेळ येईल तेव्हा त्याच भिंतीकडून आपल्याला त्याच्या शेजारी टेकवावं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. श्टुटगार्टहून मुलगा, दामिर. "आई, काही छापू नकोस. मी निघालोय. मी येईपर्यंत काहीही छापू नकोस."

दामिर दुपारी पोचला. त्याची बायको सेल्मा तिच्या आईवडिलांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. दामिरचे डोळे सुजलेले, नीट कातरलेली दाढी, अंगात दोन दिवसांचा शर्ट. दारातच आईच्या गळ्यात पडून तो एवढा रडला, की समोरच्या घरातल्या माणसांनी दार उघडलं आणि हळूच परत लावून घेतलं. मग स्वयंपाकघरात बसून त्याने कॉफी घेतली, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "आई, बाबांना हिरव्यात जाऊ दे."

"त्यांनी निळी सांगितली होती."

"बाबा पेला हातात असला की काय वाटेल ते सांगायचे. एकदा मला म्हणाले होते, मला क्रेनच्या आकड्याला बांधून नदीत सोडा. सोडायचं का?"

नेवेन्काला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. फिक्रेतने जन्मभर कारखान्याची क्रेन चालवली होती.

"हिरव्यात गेले तर मी त्यांच्या जनाज्याला उभा राहीन," दामिर म्हणाला. "खांदा देईन, दुआ म्हणेन. ते मला येतं. निळ्यात मी काय करू? कारखान्याचा बँड वाजेल, कुणीतरी म्हातारा कॉम्रेड भाषण करील, आणि माझे हात कुठे ठेवायचे तेही मला कळणार नाही."

"तुला आमची लाज वाटते का रे?"

"लाज नाही गं. लढाईच्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. पाण्याच्या रांगेत पोरं विचारायची, तू कोण? घरी येऊन मी बाबांना विचारलं, आपण कोण? आठवतंय काय म्हणाले? 'सांग त्यांना, आम्ही या इमारतीच्या तिसऱ्या जिन्यावरचे.' तुम्ही दोघं हसलात. मी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. आधी एका बाजूच्या पोरांनी मारलं, मग दुसऱ्या. जर्मनीत गेलो तर तिथे नुसता परदेशी. सेल्माच्या वडिलांनी पहिल्यांदा मला मशिदीत नेलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं, हा आपला पोरगा आहे. आपला! आई, हा शब्द तोपर्यंत मला कुणी लावलाच नव्हता."

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. नेवेन्काने त्याला नऊ महिने पोटात वाढवलं होतं, पण या गोष्टीत ती त्याच्या वंशाला कधी गेलीच नव्हती. तिला आणि फिक्रेतला ते उत्तर फार आवडलं होतं. मार पोराने खाल्ला होता.

"आणि माझं काय?" तिने विचारलं. "मशिदीच्या कब्रस्तानात मला घेतील?"

दामिरने मान खाली घातली. "ते मी बघतो, आई."

पोरं असं म्हणतातच, तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द एकीकडे आणि समोर बसलेल्या जिवंत पोराचे डोळे दुसरीकडे. कुठल्याही आईला विचारा, तराजू कुठे झुकतो ते. तिचा झुकला. "जा," ती म्हणाली, "हिरवी छापून आण." मग ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि फिक्रेतची क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाव आणायला खाली उतरली. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर जनाजा होता. बाईने कब्रस्तानात जायचं नाही अशी तिथली रीत, म्हणजे चाळीस वर्षं सोबत केलेल्या नवऱ्याला ती घराच्या दारातूनच निरोप देणार होती. तेही तिने गिळलं होतं. इमारतीच्या दारातल्या झाडावर हिरवा कागद चिकटवलेला होता आणि त्यापुढे पहिल्या मजल्यावरची रझिया नाकावर चष्मा चढवून उभी होती. रझियाची जीभ म्हणजे कात्री. पण लढाईत शेवटची अर्धी पिशवी पीठ नेवेन्काबरोबर वाटून घेतलेली बाई.

"अगं नेवा, हा आपला फिक्रेतच ना? मग ही नेव्झेता कोण? चाळीस वर्षं तुमच्या पायाखाली राहिले, मला दुसरी बायको कधी दिसली नाही. ठेवली कुठे होती, तळघरात?"

नेवेन्काने वाचलं. फोटोखाली फिक्रेतचं नाव. त्याखाली, शोकाकुल: पत्नी नेव्झेता, मुलगा दामिर, सून सेल्मा आणि नात.

तिचा चेहरा बघून रझियाने कात्री लगेच मिटली. "ती दुकानातली पोर वेंधळी आहे गं. हिरवं ऐकलं आणि बोटांनी आपणहून मुसलमानाचं नाव मारलं. मागे त्या म्हाताऱ्या योझोच्या कागदावर चांद छापला होता तिने. जन्मभर चर्चमध्ये घंटा वाजवली बिचाऱ्याने! जा, चांगली खडसाव तिला."

कागद झाडावरून फाटू न देता सोडवून नेवेन्का तशीच दुकानात गेली. वाटेत खांबाखांबावर तोच कागद. बेकरीपुढे, शाळेपुढे, पुलाच्या कठड्यावर, सगळीकडे फिक्रेत त्या नेव्झेताला मागे टाकून मेला होता.

अमेलाने कागद पाहिला आणि तिचे कान लाल झाले. "मावशी, देवाशपथ, मी दोनदा विचारलं. म्हटलं, नेवेन्का मावशीच ना? ते म्हणाले, असंच छाप. तुमच्या मुलानेच सांगितलं हो."

नेवेन्का पाव न घेताच घरी आली. दामिर आरशापुढे शर्टाची बटणं लावत होता. तिने कागद त्याच्यापुढे टेबलावर पसरला. त्याचा बटणावरचा हात थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं. "मी नेव्झेता कधीपासून आहे?"

"लग्नापासून."

लग्न श्टुटगार्टला झालं होतं. नेवेन्काचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, म्हणून फिक्रेत एकटाच गेला. त्यानंतर सेल्माच्या आईवडिलांशी फोनच्या पडद्यावर किती वेळा बोलणं झालं! पण विहीण विहिणीला नावाने थोडीच हाक मारते? तिकडून "कशा आहात विहीणबाई", इकडून "बऱ्या आहोत विहीणबाई". सून आई म्हणायची, नात आजी म्हणायची. इतकी वर्षं तिकडच्या त्या घरात नेवेन्का नावाची बाई मुळी नव्हतीच, आणि इथे तिला पत्ता नाही.

"सेल्माला खरं माहीत आहे," दामिर म्हणाला. "तिच्या आईवडिलांना नाही. त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी, साखरपुड्यात विचारलं, आईचं नाव काय? सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर परत कसं घ्यायचं?"

"तोंडून निघून गेलं! माझ्या बापाने ठेवलेलं नाव, तुझ्या तोंडून निघून गेलं."

"आई, ऐक. आज ते छापलं ते त्यांच्यासाठी नाही. तुझ्यासाठी छापलं. मी कब्रस्तानात दोन जागा घेतल्यात. एक बाबांची, शेजारची तुझी. इमामसाहेबांना सगळं माहीत आहे. ते म्हणाले, 'कागदावर जे नाव असेल ते मी वाचेन, त्यापलीकडे विचारणार नाही.' भला माणूस आहे. नेव्झेता म्हणून तुला बाबांच्या शेजारी जागा आहे, आई. नेवेन्का म्हणून नाही. मी काय करायला हवं होतं?"

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. तो खोटं बोलत नव्हता. पोराने आईला पुसून टाकलं होतं आणि आईसाठीच टाकलं होतं. रागवायचं तरी कशावर, हेच तिला कळेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"दामिर," शेवटी ती म्हणाली, "तुझा बाप कधी परक्या बाईशेजारी झोपला नाही. आता मेल्यावर त्याच्या शेजारी ही नेव्झेता आणून निजवू? तो तिला ओळखत नव्हता."

दामिरने टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "ओळखत होते, आई."

"काय?"

"साखरपुड्यात ते माझ्या शेजारी उभे होते. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते काही बोलले नाहीत. सासऱ्यांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, नेव्झेताबाईंना आमचा सलाम सांगा. बाबा म्हणाले, सांगतो."

नेवेन्का खुर्चीत बसली. श्टुटगार्टहून परत आल्यावर फिक्रेतने तिला एक लोकरी कोट आणला होता, ऐपतीबाहेरचा. लग्न कसं झालं विचारलं तर म्हणाला, गर्दी होती. आणि तेव्हापासून त्याने तिला नेवा म्हणणं सोडलं. कायम पूर्ण नाव. नेवेन्का, चहा. नेवेन्का, चल. बेकरीत, डॉक्टरकडे, बसमध्ये, ओळख ना पाळख तिथे, "ही माझी बायको, नेवेन्का." ती हसायची. म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला म्हणायची. आपल्या नवऱ्याला या वयात आपल्या नावाचं एवढं प्रेम आलंय म्हणून मनातून सुखावायचीसुद्धा. आता कळलं. माणूस फेडत होता. एकदा गप्प बसला होता, त्याची भरपाई रोज करत होता, आणि तिला कळू देत नव्हता.

"सांगितला नाही त्याने," ती म्हणाली. "सलाम. मला सांगितला नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सेल्मा आईवडिलांना घेऊन आली होती. दामिरने आईकडे पाहिलं. शर्टाची बटणं अर्धी उघडी, दाढीखालचा चेहरा पार पांढरा. पाण्याच्या रांगेतून मार खाऊन आला होता तेव्हा असाच दारात उभा राहिला होता.

घर बायकांनी भरलं. पुरुष खाली जमले, आणि तिथून फिक्रेतचा जनाजा मशिदीकडे निघाला. नेवेन्का इमारतीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. दूर जाणाऱ्या पाठींमध्ये दामिरची पाठ ताठ होती. त्याला आपले हात कुठे ठेवायचे ते ठाऊक होतं. तेवढं एक तिला बरं वाटलं. बाकी काहीच बरं नव्हतं.

आत बायका डोक्यावर रुमाल घेऊन दुआ म्हणत होत्या. सेल्माने हलव्याच्या ताटल्या फिरवल्या, सासूच्या नजरेला नजर न देता. सेल्माची आई झुमरेता मोठी मायाळू बाई. तिने नेवेन्काला छातीशी धरलं आणि हमसून रडली. "नेव्झेता, माझ्या बहिणी! इतक्या वर्षांनी भेट व्हावी ती अशी!"

खोलीत रझिया होती. तिसऱ्या जिन्यावरच्या आणखी तीन-चार बायका होत्या, नेवेन्काला चाळीस वर्षं नेवा म्हणून हाका मारणाऱ्या. सगळ्यांनी ऐकलं. रझियाने कॉफीच्या कपात असं बघितलं, जणू तिचं काहीतरी त्यात पडलं होतं. इतर वेळी एवढ्यावर तिने सात दिवस गाव हसवलं असतं. एकीनेही तोंड उघडलं नाही.

"या विहीणबाई," नेवेन्का म्हणाली. "बसा. प्रवासाने दमला असाल."

"यांनी सांगितलं मला," झुमरेता डोळे पुसत म्हणाली, "दामिरने तुमचीही जागा शेजारीच घेतलीय. नशीबवान आहात हो. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं."

"हो," नेवेन्का म्हणाली. "लागतं."

त्या दुपारी तिला नेव्झेता म्हणून कितीतरी हाका आल्या. तिने प्रत्येक हाकेला ओ दिली. पोराचं घर त्या नावावर उभं होतं. आईने तिथेच कुदळ घालायची म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आत ती दामिरला म्हणाली, "मला त्यांच्याकडे ने." दफनाच्या दुसऱ्या दिवशी बायकांना जायची मोकळीक असते. दामिरने तिला कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत गाडीने नेलं आणि तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालत आला.

मातीचा ढीग अजून ओला होता. डोक्याशी लाकडी फळी, तिच्यावर हिरव्या अक्षरांत फिक्रेत. शेजारी चार खुंट्या ठोकून दोरी बांधलेली, आत नुसतं गवत. जागा चांगली होती. वर अक्रोडाचं झाड होतं, आणि खालून नदीचा आवाज येत होता. पोराने मनापासून निवडली होती, ते दिसतच होतं.

नेवेन्का खाली बसली आणि तिने फळीवर हात ठेवला.

"लोकरीचा कोट आणलास होय रे," ती म्हणाली. "लबाडा. एकदा म्हणायचं होतंस ना, तिचं नाव नेवेन्का. तेवढंच. पोरगा तुटला असता म्हणून घाबरलास. माहीत आहे मला. मीसुद्धा काल घाबरले. काल दिवसभर मीही गप्पच बसले, तुझ्याइतकीच. तेव्हा मी तुझ्यावर रागावू तरी कशी? नाही रागावले." मग तिचा बांध फुटला आणि ती ओल्या मातीवर कपाळ टेकून रडली, आवाज काढून, इथे बायका रडत नाहीत तशी. दामिर पुढे आला, पण तिने हात मागे करून त्याला तिथेच थांबवलं.

रडून झाल्यावर ती उठली. रुमालाने कपाळाची माती पुसली.

"फिक्रेत, मी इथे येणार नाही," ती म्हणाली. "जगेपर्यंत पोरासाठी मी कुणीही होईन. त्याच्या सासूची नेव्झेता होईन, तो म्हणेल ती होईन. पण मेल्यावर माझ्या डोक्याशी दुसऱ्या बाईचं नाव नको. माझी वाट बघू नकोस."

दामिर जवळ आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "आई," तो म्हणाला, "मग तू कुठे?"

"वर टेकडीवर. कॅथलिकांच्या दफनभूमीत माझ्या आईशेजारी जागा आहे."

"पण बाबा इथे आणि तू तिथे. आयुष्यभर तुम्ही दोघं..." त्याने दोरी बांधलेल्या जागेकडे पाहिलं. "मी बदलतो सगळं. आज जाऊन खरं सांगतो त्यांना. सेल्माच्या वडिलांना सांगतो."

"सांगून काय होईल? तुला तिथे परत परका करतील, आणि मला इथे तरीही घेणार नाहीत. नको. राहू दे. ती जागा परत करून टाक, कुणा दुसऱ्या बाईच्या कामी येईल."

"आई, तू तिथे अगदी एकटी असशील."

"हो," नेवेन्का म्हणाली. "आणि तोही."

तिने मुलाचा हात धरला, कारण उतार निसरडा होता आणि तिचा तो जुना मोडलेला पाय थंडीत दुखत होता. दोघं फाटकाकडे चालू लागले. घरी पाहुणे उठले असतील, त्यांच्या कॉफीचं बघायला हवं होतं.